तण कोण काढणार?

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

मार्चमध्ये तू म्हणालीस, नोकरी सोडते, एकरभर जमीन खंडाने घेते, सेंद्रिय भाजी करते. मी पूर्ण ऐकून घ्यायच्या आधीच नाही म्हणाले. मग आठवडाभर आपण फोनवर जेवलीस का, झोपलीस का, एवढंच बोललो. त्या आठवड्यात मला एकच गोष्ट टोचत राहिली. ज्या कामाला मी नाही म्हटलं, ते मी कधी केलेलंच नाही. सुट्टीत माहेरच्या मळ्यात जाऊन विहिरीत पोहणं म्हणजे शेती नव्हे. म्हणून मृगाच्या आधी मामाकडे आले. तुला "चार दिवस माहेरपणाला" असं सांगितलं, ते खरं नव्हतं. दसऱ्याचा झेंडू निघाला, दिवाळी तोंडावर आली, आणि आता तुला उत्तर देण्याइतकं मला कळलंय असं वाटतं.

मामाचे भाजीचे ३० गुंठे आहेत. सासवडच्या पुढे, हलकी मुरमाड जमीन. भेंडी, गवार, वांगी, मांडवावर दोडका आणि कारली, आणि दर पंधरवड्याला मेथी, पालक, कोथिंबिरीचा एकेक नवा वाफा. शनिवारी पहाटे टेम्पो दिवे घाट उतरून हडपसरकडच्या सोसायट्यांत जातो. आदल्या रात्री मामी आणि मी जुड्या बांधायचो.

तू मला जीवामृताचे, त्या शेण-गोमूत्राच्या पातळ खताचे, किती व्हिडिओ पाठवले होतेस! ते मी केलं. २०० लिटर पाणी, १० किलो देशी गाईचं शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत पिंप ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, दोन दिवसांनी तयार. पहिल्यांदा वास सहन होत नव्हता, पुढे त्या वासावरूनच तयार झालं की नाही ते कळायला लागलं. किडीसाठी निंबोळी अर्क केला, सीताफळाचा पाला घालून दशपर्णी अर्क केला. या तालुक्यात सीताफळाला काय तोटा! हे सगळं मन लावून करण्यासारखंच आहे. पण मी ३१ वर्षं लेखा विभागात काढलेली बाई, इथेही वही घातली. कोणी कोणत्या कामाला किती तास दिले ते रोज रात्री मांडलं. जून ते सप्टेंबर आम्हा सगळ्यांचे मिळून फवारणी, आळवणी (झाडाच्या मुळाशी द्रावण ओतणं) आणि जीवामृताचे तास भरले १३०. तोडणी आणि जुड्यांचे ६२०. आणि खुरपणीचे ५६०.

त्या ५६० तासांचा व्हिडिओ तुला कोणी पाठवला नाही, मनू. म्हणून हे पत्र.

आर्द्रा लागल्या आणि आठ दिवस झड बसली. नवव्या दिवशी ऊन पडलं, मी खुरपं घेऊन निघाले, तर मामाने बांधावरच थांबवलं. मूठभर माती घेऊन दाबली आणि हात उघडला. मातीचा चिखली गोळा तसाच राहिला. "वाफसा नाही. आज पाय घातलास तर वाफा दगड होईल." वाफसा म्हणजे पाणी मुरून रान काम करण्याइतकं सुकणं. अजून दोन दिवस गेले. वाफसा आला तेव्हा मेथीच्या वाफ्यात मेथी शोधावी लागत होती. केना, लव्हाळा, हराळी, गाजरगवत. आता बघ, वाफसा काही फक्त मामाच्या रानात येत नाही. तो एकाच दिवशी सगळ्या शिवारात येतो. त्या तीन-चार दिवसांत जो तो वाडीवर जाऊन बायकांना बोलावत असतो. आणि त्यातल्याच दोन दिवसांत माउलींची पालखी घाट चढून सासवडला मुक्कामी आली. आमच्याकडे येणाऱ्या तिघी दर्शनाला गेल्या. का जाऊ नये? वर्षातून एकदा येते. मामी पण गेली. मामा आणि मी असे दोघंच वाफ्यात, आणि लांबून टाळ ऐकू येत होते. मेथीचा तो वाफा शेवटी मोडावा लागला.

शेजारच्या रानात एक जण पाठीवर पंप घेऊन आला आणि एका सकाळीत तणनाशक मारून गेला. सेंद्रिय म्हणजे तो पंप नाही. त्या पंपाच्या जागी काय येतं? शेणखत नाही, अर्क नाही. तिथे येतात तीन बायकांचे गुडघे. हे मला आधी कळलं नव्हतं आणि तुझ्या त्या खर्चाच्या तक्त्यातही नाही. त्यात "मजुरी" अशी एक ओळ आहे, शेवटून दुसरी.

त्या तिघींतल्या आक्कांनी मला खुरपायला शिकवलं. मी मांडी घालून बसायचे, त्या म्हणाल्या, "ताई, उकिडव्या बसा, न्हाईतर सरकता येत न्हाई." खुरप्याचं पातं आडवं ठेवायचं, डाव्या हाताने तण धरून मुळाखाली सरकवायचं. लव्हाळा वरून कापला तर चार दिवसांत परत हजर, खालची गाठ निघाली पाहिजे. खुरपता खुरपता आक्का तांदुळजा, घोळ, कुर्डू वेगळी काढून ओच्यात टाकायच्या. संध्याकाळी त्याचीच भाजी. मी ज्याला तण म्हणून बांधावर फेकत होते, त्यावर त्यांचं एक वेळचं कालवण होत होतं. त्यानंतर मीही फेकायची थांबले. घोळीची डाळ घालून केलेली भाजी तू खाऊन बघ.

एका गोष्टीवरून मामाशी माझं भांडण झालं. बाप्याचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, जास्त, बाईचा कमी, हा इथला रिवाज. मी वही पुढे केली. ज्या कामावर हा मळा उभा आहे ते काम बायका करतात आणि रोज त्यांचाच कमी, हे मला गिळवेना. मामा दोन दिवस घुम्यासारखा वागला. तिसऱ्या दिवशी मामीच म्हणाली, "ताई बरोबर बोलतायत." नागपंचमीपासून दोघांचा रोज सारखा केला. त्याने सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. ऑगस्टमध्ये आसपास वाटाण्याची तोडणी सुरू झाली. तिथे किलोवर पैसे मिळतात, हात चालत असेल तर रोजापेक्षा जास्त. तिघींपैकी एक तिकडे गेली. तिच्या मुलाची कॉलेजची फी भरायची होती. तिला दोष देता येत नाही. आम्हीच कमी पडलो.

वांग्याला शेंडा पोखरणारी अळी आली. सुकलेले शेंडे रोज खुडून जाळले, अळीचे पतंग वासाने ओढून घेणारे कामगंध सापळे लावले, तरी चारातलं एक वांगं किडकं निघायचं. ते मी निवडून बाजूला ठेवायचे. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते. एक दिवस चुकला की जून होते, कोणी घेत नाही. तोडताना हातांना इतकी खाज सुटायची की मी जुने मोजे कापून हातात घातले. बाकी रोगराईचं तुला पुस्तकात मिळेल.

खुरपणीतून एक वाट मात्र आम्हाला सापडली. वांग्याच्या चार सऱ्यांत उसाचं पाचट अंथरलं. तिथली एक पूर्ण खुरपणी वाचली, ओल पण टिकली. पण त्याच पाचटाखाली गोगलगायी झाल्या. मग गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी सरीत टाकायचं आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकायच्या. म्हणजे तेही काम आलंच, पण खुरपणीपेक्षा कितीतरी थोडं.

आणि हो, पहिल्या वर्षी तुला माल "सेंद्रिय" म्हणून विकता येणार नाही. मामाचा गट पीजीएसमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानेच सेंद्रिय असल्याची हमी द्यायच्या पद्धतीत आहे. गटातले शेतकरी एकमेकांच्या रानात जाऊन तपासणी करतात. जमीन बदलायला दोन-तीन वर्षं जातात, तोवर "ग्रीन" म्हणूनच लिहायचं. खंडाचा करार एक वर्षाचा करू नकोस. तू माती सुधारायचीस आणि मालकाने ती परत घ्यायची, असं व्हायला नको.

आता माझं उत्तर. मी नाही म्हणत नाही. एकर मात्र घेऊ नकोस, १० गुंठे घे. तेवढं तण तू, मी आणि एक बाई मिळून वाफसा असेपर्यंत काढू शकतो, याचा हिशेब वहीत आहे. त्या बाईला फक्त पावसाळ्यापुरती बोलावू नकोस. बारा महिने कामाची खात्री दे आणि रोज आधी ठरव, बियाणं नंतर. पहिल्या वर्षी पैसे सुटणार नाहीत. माझ्या पेन्शनमधून खंडाची रक्कम मी भरते, यावर वाद नको.

जागा बघायला जाशील तेव्हा विहिरीचं पाणी सगळेच बघतात, तू लव्हाळा किती आहे ते बघ. आणि जवळची वाडी किती अंतरावर आहे, तिथल्या बायका श्रावणात कुठे कामाला जातात, ते चहाच्या टपरीवर नाही, त्यांनाच विचार.

मामीने लोहाराकडून माझ्या खुरप्याला नवी मूठ बसवून घेतली आहे, माझ्या हाताच्या मापाची. रविवारी सकाळच्या एसटीने येते. स्टँडवर न्यायला ये, सोबत गवारीची पिशवी आहे आणि आक्कांनी तुझ्यासाठी कुर्डूचं बी दिलंय.

तुझी,
आई