मामा, त्या मोडलेल्या पट्ट्यांसाठी आभार

कोल्हापूर

आदरणीय मामांना,

सा. न. वि. वि.

आपल्या जुन्या केबल वाहिनीच्या व्हीएचएस कॅसेट तुम्ही गेले चार महिने बसून एकेक करून पुन्हा चालू केल्या, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही चहा पुढे करता आणि विषय बदलता, असा अनुभव दोनदा आला. शिवाय ज्या पेठांतल्या घरांत ही वाहिनी दिसत होती, तिथल्या लोकांनाही तुमचे काम कळावे अशी माझी इच्छा आहे, म्हणून हे पत्र सर्वांसाठी खुले ठेवत आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्याविषयी लिहिणारे, बोलणारे आणि आठवणी जपणारे पुष्कळ आहेत. आपल्यासारख्या गल्लीतून निघालेल्या वाहिनीबद्दल मात्र कोणी चार ओळी लिहून ठेवलेल्या नाहीत. १९९१ मध्ये आखाती युद्धाची दृश्ये उपग्रहावरून येऊ लागली, त्याच वर्षी स्टारच्या वाहिन्या आल्या, आणि मुंबई दूरदर्शनला बरोबर वीस वर्षे झाली त्या दिवशी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी टीव्ही सुरू झाला. त्या दिवसांत गच्चीवर डिश बसवून गल्लोगल्ली तार ओढणाऱ्या तरुणांपैकी तुम्ही एक होता. परदेशातले कार्यक्रम घरात येतात, मग शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना का येऊ नये, हा तुमचा प्रश्न होता आणि आपली वाहिनी त्या प्रश्नातून उभी राहिली.

तिची रचना तुम्ही मला पहिल्याच दिवशी समजावली होती. तालमीशेजारच्या माडीवर आपली कंट्रोल रूम होती. तिथे व्हीसीआरमधून निघालेले चित्र मॉड्युलेटरला द्यायचे, तो ते एका रिकाम्या चॅनेलच्या आकड्यावर बसवायचा, आणि उपग्रहाच्या वाहिन्यांबरोबर तेही त्याच तारेतून घरोघरी जायचे. तार जितकी लांब जाईल तितका सिग्नल मंदावतो, म्हणून ठरावीक अंतरावर अॅम्प्लिफायर लावावे लागत, आणि त्यांना वीज मिळायची ती एखाद्या ग्राहकाच्याच घरातून, ज्याच्या बदल्यात त्याला केबल फुकट असे. त्या घरातली वीज गेली की पुढच्या दहा गल्ल्यांत, तिथे दिवे चालू असूनही, पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसत. अशा वेळी भर पावसात शिडी खांद्यावर घेऊन निघालेले तुम्ही मला आजही डोळ्यांसमोर दिसता.

मी तेव्हा महाविद्यालयात होते आणि संध्याकाळी बातम्या वाचत असे. दहा मिनिटांचे बातमीपत्र कॅसेटवर घ्यायचे आणि रात्री तीन वेळा लावायचे, असा आपला क्रम होता. गुऱ्हाळे सुरू झाली की गुळाचे भाव, पाणीपुरवठा कोणत्या वॉर्डात बंद, उद्याचा सामना कोणत्या दोन संघांत, एवढ्याच बातम्या असत, आणि लोक त्यासाठी जेवण लवकर उरकत. पावसाळ्यात मात्र एकाच आकड्याकडे सर्वांचे लक्ष असे, तो म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आज कोल्हापुरात लहान मुलालाही पाठ आहे. त्या काळी आपण पुठ्ठ्यावर खडूने आकडा लिहून कॅमेऱ्यासमोर धरत होतो.

१९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. मुख्य पोस्ट ऑफिसात नोंदणी आणि दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवण्याचे बंधन त्याने घातले. ती कागदपत्रेही तुम्ही फायलीत नीट लावून ठेवली होती, आणि आपल्या वाहिनीवर मी जे टिपण लिहीत आहे, त्यात तारखा पक्क्या करायला त्यांचा मोठा आधार झाला.

आता कॅसेटविषयी. कोरी कॅसेट आपल्याला महाग पडायची, त्यामुळे आज घेतलेल्या बातमीपत्रावरच उद्याचे घेतले जाई. त्यात कोणाची चूक नव्हती, तशीच सोय होती. पण व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवर डाव्या बाजूला नखाएवढी एक प्लॅस्टिकची पट्टी असते. ती मोडली की व्हीसीआर त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग करू देत नाही. महिन्यातून एखादी कॅसेट तुम्ही बाजूला काढायचा, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ती पट्टी तोडायचा आणि लेबलवर ‘राहू दे’ असे लिहायचा. नवी कॅसेट वाया घालवल्याबद्दल तुम्हाला बोलणी खावी लागली, हे मी ऐकलेले आहे. त्या वेळी मीही तुमची बाजू घेतली नाही, याची खंत मला आहे.

‘राहू दे’ लिहिलेल्या एकोणीस कॅसेट तुमच्या माळ्यावर मिळाल्या. एका कॅसेटच्या मोडक्या पट्टीवर पुढे कोणीतरी चिकटपट्टी लावून लग्न रेकॉर्ड केले होते, ती गेलीच. बाकीच्यांवर इतक्या पावसाळ्यांची पांढरी बुरशी चढली होती. तुम्ही पाचही स्क्रू काढून प्रत्येक कॅसेट उघडलीत, फितीची दोन्ही चाके कोऱ्या खोक्यात बसवलीत, अर्ध्या इंचाची ती फीत मऊ कापडाने हाताने फिरवत पुसलीत, आणि दर कॅसेटनंतर व्हीसीआरचे हेड स्पिरिटने साफ केलेत. चौथ्या कॅसेटची फीत सुरुवातीलाच तुटली, तेव्हा तुम्ही चष्मा काढून तिच्या इतके जवळ गेलात की मला वाटले, आता श्वासानेही ती हलेल. जोड दिल्यावर चित्र क्षणभर उड्या मारून स्थिर झाले आणि स्टेडियमचा आवाज खोलीत भरला. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना होता. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता आवाज थोडा वाढवलात.

अठरा कॅसेटमधून आता एकवीस तासांचे चित्रण संगणकावर उतरले आहे. आपल्या वाहिनीच्या पहिल्या चार वर्षांचे डोळ्यांनी पाहता येईल असे एवढेच शिल्लक आहे, आणि ते तुम्ही त्या काळी राखले म्हणून आहे. माझ्या टिपणात प्रत्येक प्रसंगापुढे कॅसेटचा क्रमांक आणि तुमच्या लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा दिला आहे.

चित्रणाच्या दोन प्रती तयार आहेत. एक तुमच्याकडे राहील. अकराव्या कॅसेटमध्ये पुठ्ठा धरलेला एक मुलगा दिसतो, पुठ्ठ्यावर ३८ फूट लिहिलेले आहे आणि त्याच्या डोक्यावर कोणीतरी छत्री धरली आहे. छत्रीचा दांडा आणि धरणाऱ्याच्या हातातले घड्याळ एवढेच चौकटीत आले आहे. ते घड्याळ तुमचे असावे असे मला वाटते. मुलाचे नाव मात्र मला आठवत नाही. येत्या रविवारी सकाळी प्रत घेऊन येते, तेव्हा दोघे मिळून पाहू.

मामींना नमस्कार सांगावा.

आपली,
त्या वेळची बातम्या वाचणारी मुलगी