आईला कुमूचे पाय धुवायचे आहेत

रामबाग, इंदूर

प्रिय नलू,

दिवाळीत तुझा फोन येऊन गेला आणि मी उलट केला नाही, म्हणून तू रागावली असशील तर ते रास्तच आहे. पण आज लिहायला बसलेय ती तुझी समजूत काढायला नव्हे. घरात जे चाललंय ते इंदुरात कोणाजवळ बोलता येत नाही. त्या दिवशी ओसरीवर तू होतीस, म्हणून तुलाच सांगते. तब्येती ठीक. आईचा डावा हात अजून उचलत नाही, माझी शुगर आहे तशीच.

तर ऐक. आईला कुमूचे पाय धुवायचे आहेत.

नीट वाचलंस. आईला, कुमूचे. सासूला, सुनेचे. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी, पाय धुण्याचा विधी असतो त्या दिवशी, आणि चर्चमध्ये नाही, आमच्या घरी, त्याच दारात. आधी वाटलं औषधांनी बरळतेय. पण चांगली शुद्धीवर होती. बायबलातल्या लूकचा सातवा अध्याय मला परत परत वाचायला लावला. शिमोन नावाचा परूशी, म्हणजे धर्माचे नियम कडक पाळणारा यहुदी, येशूला जेवायला बोलावतो आणि येशू त्याला म्हणतो, मी तुझ्या घरी आलो, तू मला पाय धुवायला पाणी दिलं नाहीस. तिथे आईने मला थांबवलं. म्हणाली, "मे महिना होता ना गं?"

नलू, मे महिना होता. दादा-कुमूचं लग्न लावून तुम्ही तिघं कोर्टातून टेम्पोने आला होतात. दारात आलेल्या परक्यालासुद्धा आपण पाय धुवायला पाणी देतो, हातावर गूळ ठेवतो. आईने कुमूला बघितलं आणि आतून कडी लावली. त्यानंतर इतक्या वर्षांत ती त्यावर अक्षर बोलली नव्हती. मला वाटायचं, विसरली. (आणि हो, तू साक्षीदार म्हणून सही केलीस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस, ते मी विसरलेले नाही. तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते, मला सांगायला हवं होतंस. तुझं "तू आईला बोलली असतीस" मला अजूनही मान्य नाही.)

दादाला फोन केला तर तो म्हणाला, "आता कशाला?" आणि ठेवून दिला. कुमू माझ्याशी बोलली. म्हणाली, "आईंनी माझे पाय धरायचे? मला पाप लागेल. मी येणार नाही." मी म्हटलं, अगं, कृष्णाने सुदाम्याचे पाय धुतलेच ना, आणि तू तर राहतेस सुदामा नगरात. त्यावर ती म्हणाली, "तो कृष्ण होता गं, या सासूबाई आहेत." दोघी खूप हसलो. पण येते म्हणाली नाही.

तिचं म्हणणं मला परकं वाटलं नाही. पेत्रानेही हेच म्हटलं होतं. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुवायला बसतो, तेव्हा पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. गुरूने शिष्यापुढे वाकायचं, हे त्याला सोसवेना. ते काम नोकराचं.

कुमूची मुलगी आता कॉलेजात आहे, तुला खरं वाटणार नाही. तिने मला विचारलं, "आत्या, हा मॉन्डी थर्सडे काय प्रकार आहे? गुरुवारी मंडे?" तिला सांगितलं की तो मंडे नव्हे, मूळ लॅटिन मांदातुम, म्हणजे आज्ञा. पाय धुवून झाल्यावर त्याच रात्री येशू म्हणतो, मी तुम्हाला नवी आज्ञा देतो, एकमेकांवर प्रीती करा. जुन्या लॅटिन उपासनेत पाय धुताना हेच शब्द गात. तेच फ्रेंचमधून इंग्रजीत गेले, आणि पाय धुण्यालाच 'मॉन्डी' म्हणू लागले. इंग्लंडचे राजेही या दिवशी गरिबांचे पाय धूत. 1210 साली जॉन राजाने नेअर्सबरोला गरिबांना दानधर्म केल्याची नोंद आहे. पुढे राजाच्या वयाइतके पुरुष आणि तितक्याच बायका निवडायची रीत पडली. मग कधीतरी पाणी बंद झालं आणि नाण्यांची पिशवी तेवढी उरली. आजही राजा नाणीच वाटतो.

हे सांगताना मला आईच्या पाटल्या आठवल्या. पोरीच्या बारशाला तिने दादाच्या हाती पाठवल्या होत्या त्या. कुमूने घेतल्या, कपाटात ठेवल्या, कधी घातल्या नाहीत. सोनं देणं आईला जमलं होतं, पाणी नव्हतं. आता तिला पाणी द्यायचंय आणि हात उचलत नाही.

आमच्यातल्या एकांनी वेगळीच शंका काढली, की कुमूचा बाप्तिस्मा झालेला नाही, तिला या विधीत कसं बसवायचं? आई पडल्या पडल्या म्हणाली, 2013 साली पोप फ्रान्सिसनी रोममधल्या तुरुंगात पोरांचे पाय धुतले, त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. आम्ही कॅथलिक नाही, पण आईने बातमी नेमकी लक्षात ठेवली होती. त्या गृहस्थांनी चहा अर्धाच प्यायला.

नलू, मला झोप येत नाही ती याच्यामुळे नाही. जो तो मला सांगतो, कुमूला समजाव, म्हातारीची शेवटची इच्छा आहे. मला हे बोलणं आवडत नाही. ती आज्ञा धुणाऱ्याला आहे गं. ज्याचे पाय, त्याला नाही. येशूला दगा देणाऱ्या यहूदाचेही पाय त्या रात्री धुतले होते. तो तरी उठून गेला, बाहेर रात्र होती, आणि तो गेल्यावर मग येशूने ती नवी आज्ञा दिली. त्याला कोणी पाठीमागून ओढून आणलं नाही. मग कुमूने तर काय केलंय, की आईला समाधान मिळावं म्हणून तिने खुर्चीवर येऊन बसायचं? तिने आधीच पुष्कळ सोसलंय. आणि तरीही तिने यावं असं मला इतकं वाटतं, की तिच्याशी बोलताना माझा आवाज बदलतो आणि तिला तो कळतो. म्हणून मी आता तिला फोन करणार नाही.

तू कर. समजावू नकोस, फक्त एक विचार. आईने पायांना हात लावायचाच नाही. दारात तांब्या घेऊन उभं राहायचं, मी धरेन तिला, आणि कुमूने स्वतःचे पाय स्वतः धुवून आत यायचं. राहिलं होतं ते एवढंच होतं ना? यात कुमूला पाप लागत नाही. आई अजून तयार नाही, तिला वाकायचंच आहे, पण आईचं मी बघते. कुमू नाही म्हणाली तर ते नाही मी आईला सांगेन, तिच्यावर कोणी रागावणार नाही, हेही तिला सांग.

तुझ्या सुनेची बदली झाली का? गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. सराफ्यात गराडू संपले, तू हिवाळ्यात येते म्हणून आली नाहीस. शेव पाठवलीय, लवंगेची.

फोन रात्री नऊनंतर कर, तोवर आई जागी असते आणि कोण बोलतंय ते विचारते.

तुझी,
शालू