ओळख पटवणाऱ्या हातांचे आभार

जुन्या मिलिंग मशीनच्या (फिरत्या कटरने धातू कापणारे यंत्र) बेवारस सुट्या भागांचा माग काढून देणाऱ्या सर्व अनाम जाणकारांचे मनापासून आभार.

'फोटो पुरत नाही, मापं द्या,' हा तुमचा हेका रास्तच. शँकवर, म्हणजे कटर धरणाऱ्या भागाच्या, मशीनच्या फिरत्या स्पिंडलमध्ये बसणाऱ्या निमुळत्या दांड्यावर, एकमेकांपासून 50 मि.मी. अंतरावर दोन व्यास मोजायचे, म्हणजे निमुळतेपणाचा प्रकार कळतो: फरक सुमारे 2.5 मि.मी. आला तर मोर्स 3, सुमारे 2.1 आला तर बहुधा ब्राऊन अँड शार्प, आणि थेट 14.6 आला तर 7:24 (24 लांबीत व्यासात 7 चा फरक). पहिले दोन डोळ्यांना सारखेच दिसतात. चुकीचा शँक ठोकून बसवला की तो एकाच टोकाला टेकतो, कटर डुलतो आणि स्पिंडलच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात. म्हणून आधी शँकवर प्रशियन ब्लूचा (कुठे टेकते ते दाखवणारा निळा रंग) पातळ हात. रंग पूर्ण लांबीभर उमटला तरच पुढे.

भागावर ओततानाच उमटलेला आकडा म्हणजे पार्ट नंबर नव्हे, हेही तुम्हीच न कंटाळता सांगत आलात. एकाच ओतकामातून वेगवेगळे भाग कातले जातात.

डिव्हायडिंग हेडचे (काम ठरावीक समान भागांत फिरवणारे उपकरण) हँडल फिरवून मोजायला लावलेत, तेही बरे झाले. हँडलच्या 40 फेऱ्यांत हेडच्या स्पिंडलची एक फेरी, हे सर्रास; पण गृहीत धरायचे नाही.