हिरव्याचा पिवळा करण्याआधी : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत कृष्णाकाठच्या एका सखल गल्लीत पिठाची गिरणी चालवते. गल्लीच्या पाठीमागं नऊ एकराचं रान आहे. बहुतेक ऊस असतो, एखाद्या वर्षी हळद. विकास आराखड्यात ते हिरव्या पट्ट्यात आहे. त्याचा पिवळा करून, म्हणजे शेती विभागातनं रहिवास विभागात घेऊन, तिथं फ्लॅट बांधायचा प्रस्ताव आहे. हरकती झाल्या, सुनावणीही झाली. माझं नाव पुकारलं तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. "थोडक्यात बोला," म्हणाले. बोलले थोडक्यात. आता कागद मंत्रालयात येणार आणि शेवटची मंजुरी शासनाची, म्हणून राहिलेलं इथं लिहिते.

बाहेरच्या माणसाला वाटतं पूर नदीच्या बाजूनं, समोरून येतो. आमच्याकडं तो मागच्या दारानं येतो. त्या रानातनं एक ओत गेलाय. उन्हाळ्यात बघाल तर नुसती झुडपं आणि कचरा, कुणी नाला म्हणून ओळखणारही नाही. पण कृष्णा चढली की पाणी ओतातनं उलटं शिरतं. आधी रान भरतं, मग बांधावरनं गल्लीत उतरतं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फुटांची आणि धोका पातळी 45 ची, हे सांगलीतलं शाळकरी पोरही सांगेल. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या बाजूला पाणी त्याच्याही आधी येतं. आमच्या गल्लीचा हिशेब मात्र उसावर चालतो. रानातला ऊस कमरेएवढा बुडाला की मी मोटर काढायला घेते.

गिरणीची मोटर काढणं म्हणजे चार बोल्ट, गंजलेले. पट्टा उतरवायचा, साखळी-कप्पी लावायची आणि दोन गडी मिळाले तर दोघांनी, नाहीतर शेजारच्या पोरांनी मिळून ती माळ्यावर चढवायची. जातं जागेवरच राहतं, ते कोण उचलणार? मग लोकांची दळणं. प्रत्येक डब्यावर खडूनं नाव लिहिलेलं असतं, ते डबे ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचे, कारण गहू माझा नाही. या सगळ्याला चार-पाच तास लागतात, आणि रान भरून पाणी गल्लीत यायलाही साधारण तेवढेच. 2005 ला आणि 2021 ला मोटर वाचली ती त्या तासांमुळं. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा माळ्यावरची मोटरही भिजली. त्याला इलाज नव्हता.

त्या रानात मुरूम टाकून भराव केला, तर हे तास कुठं जाणार?

कायद्याचं मी वाचलंय, चुकत असेन तर तुमचे अधिकारी सांगतील. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966, कलम 37. आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही, एवढाच फेरबदल त्यात बसतो. पाणी थांबण्याच्या जागी इमारती आल्यावर स्वरूप बदलत नाही, हे मला पटवून द्या. प्रस्तावात एक वाक्य मात्र ठसठशीत आहे : जागा निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे. असेल. निळी रेषा साधारण 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी 100 वर्षांतल्या एकाची. मला तर 16 वर्षांत तीन महापूर बघायला मिळाले! दोन रेषांच्या मधे बांधायचं तर जोतं तांबड्या रेषेच्या वर काढा, असं सांगतात. म्हणजे नवीन फ्लॅटवाले कोरडे. त्यांच्या जोत्याखालच्या भरावानं सारलेलं पाणी कुणाच्या घरात जाईल, हे त्या नियमात कुणी विचारलेलं नाही. पुराच्या अभ्यासाला शासनानंच नेमलेल्या वडनेरे समितीनंही पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं. एकीकडं कोल्हापूर-सांगलीच्या पुरासाठी शासन जागतिक बँकेकडनं पैसे घेतं, आणि दुसरीकडं हा ओत बुजवायचा?

आता माझ्यावर उलटणारं मीच सांगते. आमची गल्ली तरी कुठं रीतसर आहे? सासऱ्यांनी दीड गुंठा घेतला तो बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टँपपेपरवर. 2001 चा गुंठेवारी कायदा आला, मग कुठं आम्ही नियमात बसलो. सांगलीत अशी घरं भरपूर, नुसत्या शामरावनगरात बघा किती आहेत. आपण आत येऊन बसायचं आणि दुसऱ्याला दार लावायचं, असं कुणी म्हणालं तर मला झोंबतं, कारण त्यात खरं आहे. पण आमची घरं जिथं झाली तिथलं पाणी मागं सरकलं ते या रानात. आता त्याच्या मागं जागा नाही.

रानाचे मालक आमच्याकडंच दळण टाकतात. वाईट माणूस नाही. 2019 ला त्यांचा उभा ऊस कुजला, वास महिनाभर होता. पोरं पुण्याला. शेतीत काय मिळतं ते त्यांना विचारा. पाणी साठवायला जमीन मोकळी ठेवायची तर त्याचा मोबदला त्यांना कुणी द्यायचा, हा प्रश्न शासनाचा आहे. दिला तर उद्याच ते प्रस्ताव मागं घेतील, असं मला वाटतं. (हे त्यांना विचारून लिहिलेलं नाही, रागावतील.)

मागणं एवढंच. सही करण्याआधी त्या नऊ एकराची पातळी आयर्विनच्या फुटांत काढून फाईलला लावा. किती फुटाला ओतात पाणी येतं, किती फुटाला बांध बुडतो, भराव घातल्यावर आमच्या दारात किती वाढतं, हे आकडे सहीनिशी कुणीतरी द्यावेत. मोजणीला माणूस पाठवाल तर गिरणीतही पाठवा. 2019 नंतर आम्ही विजेचा मीटर इतका वर घेतलाय की रीडिंगवाला आला की आधी स्टूल मागतो. त्याला खूण म्हणून तो मीटर चालेल. स्टूल मी देईन.

आपली,
गिरणीवाली, सांगली