पहाटे पाचला गंगेवर जाऊ द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. विज्ञान शिकवण्याच्या पद्धतीबद्दल एक मागणी आहे, पण आधी एक प्रसंग सांगते. मार्चमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांना घेऊन गंगेवर गेले होते (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो). घाटाच्या खालच्या अंगाला पाणी संथ आणि हिरवट होते. दुपारी तीनला बाटली भरली, पाण्यातला प्राणवायू मोजण्याच्या विंकलर पद्धतीची रसायने टाकली. तपकिरी साका बसला, म्हणजे पाण्यात प्राणवायू होता. दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधी त्याच पायरीवरून पुन्हा बाटली भरली. साका जवळजवळ पांढराच राहिला. मुलांना वाटले, मॅडमचे रसायन बिघडले.

रसायन चांगले होते. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री तेच शेवाळ आणि सांडपाण्यावर पोसलेले जिवाणू तो ओढून घेतात. स्नानयोग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, हे मुलांना पाठ होते. पण तो मोजायचा किती वाजता, हा प्रश्न त्यांना त्या पहाटेपर्यंत कधी पडलाच नव्हता.

पडणार कुठून? परीक्षेत येते : 'परिसंस्थेची व्याख्या लिहा, ४ गुण.' अन्नसाखळीत एका पायरीवरून दुसरीवर जाताना ऊर्जा घटते, याची आकृती मुले सुबक काढतात. ती कल्पना एका तळ्याच्या अभ्यासातून मांडणारा रेमंड लिंडमन यांचा लेख १९४२ साली छापून येण्याआधी परीक्षकांनी नाकारला होता, कारण तो त्यांना फार तर्कावर उभा वाटला. हे पुस्तकात नसते. विज्ञान भांडत भांडत पुढे जाते, ते भांडण गाळून आपण फक्त निकाल वाचून दाखवतो.

म्हणून मी वर्गात एक भांडण घेतले. तळी शेवाळाने का माजतात? डिटर्जंटमध्ये फॉस्फरस असायचा, म्हणून डिटर्जंटवाले दोष कार्बनवर ढकलत होते, आणि त्यांच्या बाजूनेही बाटलीतले प्रयोग होते. १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने कॅनडातल्या एका तळ्याच्या मधोमध पडदाच लावला. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकले, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली. मुले खूश. तेवढ्यात निफाडची एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, ते थंड मुलखातलं तळं. आपली गंगा वाहती आहे. ते इकडे कसं लागू होईल?"

ती वाहती आहे का, तेच आधी बघू, म्हटले. त्या मुलीच्या तालुक्यात तर याहून गमतीचा नमुना आहे. गोदावरीवरचा नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा बांधला सिंचनासाठी. तो गाळाने भरत गेला, दलदल झाली, पक्षी आले, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले. मग तो बिघडलेला जलाशय म्हणायचा की समृद्ध पाणथळ? साठा मोजणारा अभियंता आणि पक्षी मोजणारा माणूस एकाच पाण्याबद्दल उलट उत्तरे देतील, आणि दोघांचेही आकडे खरे असतील.

माझी मागणी मोठी नाही. एका सत्रात मुलांना एकमेकांविरुद्ध जाणारे दोन मूळ शोधनिबंध वाचू द्या आणि गुण त्यांनी काढलेल्या शंकांना द्या. प्रात्यक्षिकाची वेळ अकरा ते पाच असल्याने पहाटेची बाटली आज नियमातच बसत नाही, ती बसवा. आणि हे खाते आपले नाही, पण मंत्रिमंडळात शेजारी बसता म्हणून सांगते : २०२७ च्या कुंभासाठी गोदावरीच्या पाण्याचे आकडे जाहीर होतील, तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे नमुना घेतल्याची जागा आणि वेळ छापायला सांगा. मुलांना वाचायला तेवढे पुरे.

नाशिकला येणे झाले तर घाटावर जरूर या. बाटल्या आणि रसायने आम्ही आणू. फक्त उजाडण्याआधी यावे लागेल.

आपली,
एक प्राध्यापिका, नाशिक