वांगावरचं क्रीम आणि अंगावर पिणारं बाळ

कोल्हापूर

चि. सौ. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

गालांवरच्या वांगासाठी जाऊबाईंनी दिलेलं क्रीम लावू का, असं विचारलंस. डबीवर घटकांची यादी नाही, परवाना क्रमांक नाही, आणि ‘सोन्या-चांदीला लागू देऊ नये’ अशी सूचना आहे म्हणतेस. अगं, त्या सूचनेनंच सगळं सांगितलं. अशी सूचना पारा असलेल्या क्रीमवर असते. पारा सोन्यात मुरतो आणि सोनं पांढरं पडतं, हे गुजरीतला कुठलाही सोनार सांगेल.

पाऱ्यानं त्वचेतला रंग तयार होणं थांबतं, म्हणून चेहरा आठवड्या-दोन आठवड्यांत उजळ दिसतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून दुधात उतरतो, मूत्रपिंडं बिघडवतो. तुझ्या गालाला गाल लावून झोपणाऱ्या बाळाला तो उशी-टॉवेलवरूनही लागतो. आपल्या नियमांत डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर पाऱ्याचं प्रमाण दहा लाखांत एक भाग, तेही नकळत आलेलं, एवढंच चालतं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली अशाच क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण सापडले. यादी छापलेली असली तरी त्यात कॅलोमेल, मर्क्युरस किंवा अमोनिएटेड मर्क्युरी असे शब्द शोध. एकदा जरी लावलं असशील तर डबी फेकू नकोस, पिशवीत बांधून डॉक्टरांना दाखव. ते लघवीतला पारा तपासून घेतील.

औषधाच्या दुकानात मिळणारं तीन औषधांचं क्रीमही नको. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड असतं. हायड्रोक्विनोन लावलेल्यातलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त अंगात शिरतं. स्टेरॉइड क्रीम चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाली आणि मुरमं येतात. ही क्रीमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी मागितली की हातात पडतात.

वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचदा आपोआप फिकं होतं. तोवर झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लाव. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. उन्हात असशील तर दोन तासांनी पुन्हा. औषध लागलंच तर डॉक्टरांना अझेलाइक अॅसिडबद्दल विचार. ते चार ते आठ टक्केच शोषलं जातं आणि गव्हातही असतं, त्यामुळे अंगावर पाजताना सहसा तेच सुचवतात. मुरमांचं बेंझॉइल पेरॉक्साइडही चालतं. फक्त बाळाचा गाल टेकतो तिथे लावू नकोस, आणि हात धुऊनच त्याला घे.

हातापायांना साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर खुशाल लाव. अशा क्रीममधून दुधात जवळजवळ काही जात नाही. खरी काळजी छातीची, कारण तिथलं थेट बाळाच्या पोटात जातं. भेगांवर शुद्ध लॅनोलिन मूगभर पुरतं, ते पुसावं लागत नाही. बधीर करणारं काही लावू नकोस, बाळाचं तोंड बधिरतं आणि त्याला नीट ओढता येत नाही. इसबासाठी डॉक्टरांनी सौम्य स्टेरॉइड दिलंच, तर पाजून झाल्यावर पातळ थर लावायचा आणि पुढच्या वेळेआधी ओल्या मऊ फडक्यानं पुसायचा. तिथे तेलकट मलमापेक्षा क्रीम बरं, कारण मलमातलं खनिज तेल बाळ चाटतं.

भेगा पुन्हा पुन्हा पडत असतील तर दोष बहुधा पकडीचा असतो. बाळाची हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग बराचसा तोंडात हवा. सोडवताना ओढू नकोस, करंगळी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत घाल. बाळाच्या जिभेवर न पुसले जाणारे पांढरे चट्टे दिसले आणि तुला पाजल्यावर जळजळ होत असेल, तर बुरशी समजून दोघांचाही उपचार एकदमच करायचा. एकाचाच केला की ती परत येते.

सासूबाई प्रेमानं बाम चोळतील. कंबरेला चोळू देत, पण छातीला नाही, आणि बाळाच्या नाकाजवळ तर नाहीच. कापरानं तान्ह्याला झटके येऊ शकतात.

पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा ती डबी बरोबर आण, सीपीआर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवू.

तुझी,
आई