वायरलेस फ्लॅश ट्रिगर ‘तपासून ठीक’ म्हणून परत पाठवल्याबद्दल तक्रार

सांगली
दिनांक : १० मार्च २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ट्रिगरच्या हॉटशू जोडणीतील दोष आणि सेवा केंद्राने केलेली अपुरी तपासणी

महोदय,

मी सांगलीत लग्नसमारंभांचे फोटो काढते. माझे घर याच कामावर चालते. तुळशीची लग्ने होऊन हंगाम सुरू झाला, तेव्हा आपल्या कंपनीचे दोन वायरलेस फ्लॅश आणि कॅमेऱ्याच्या हॉटशूवर, म्हणजे माथ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत, चढवून रेडिओ संदेशाने ते पेटवणारा ट्रिगर मी घेतला. फ्लॅश उत्तम आहेत. भरचक दिवसाच्या कामानंतरही त्यांच्या बॅटऱ्या तग धरतात आणि प्रकाशाचा रंग एका फोटोतून दुसऱ्या फोटोत बदलत नाही. ट्रिगर मात्र मध्येच दगा देतो. शटर दाबावे तर दोन्ही फ्लॅश गप्प, आणि लगेच पुढच्या फ्रेमला दोन्ही व्यवस्थित पेटतात.

वॉरंटी चालू असल्याने मी तो आपल्या सेवा केंद्रात दिला. ‘तपासून ठीक, दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून तो परत आला. दोष तसाच होता, म्हणून पुन्हा दिला. पुन्हा तीच चिठ्ठी आली. या वेळी खाली सूचनाही होती : सेल बदलून बघा, चॅनेल बदलून बघा, हॉलमधल्या वायफायमुळे असे होऊ शकते.

या सगळ्या गोष्टी मी आधीच करून पाहिल्या होत्या आणि तक्रारीच्या अर्जात तसे लिहिलेही होते. तो अर्ज कुणी वाचलेला दिसत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

सेल नवे होते. साधे अल्कलाइन आणि चार्ज होणारे, दोन्ही प्रकारचे घालून पाहिले. ट्रिगरचा पडदा चालू असताना, म्हणजे तो झोपेत गेलेला नसतानाच फ्लॅश चुकतात. ग्रुप आणि आयडी, म्हणजे ट्रिगर आणि फ्लॅश एकमेकांना ज्यावरून ओळखतात त्या खुणा, दोन्हीकडे जुळलेल्या आहेत. त्या जुळल्या नसत्या तर फ्लॅश कधीच पेटले नसते. शटर मेकॅनिकल आहे आणि वेग १/१६० सेकंद, माझ्या कॅमेऱ्याच्या १/२५० या सिंक वेगाच्या, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पूर्ण चौकटीवर पडतो त्या कमाल वेगाच्या, बराच खाली. वेग जास्त झाला असता तर फोटोत काळा पट्टा आला असता. माझ्या चुकलेल्या फ्रेममध्ये पट्टा नाही, संपूर्ण चौकटीतच फ्लॅशचा प्रकाश नाही. हा फरक फ्लॅश वापरणाऱ्या कुणालाही फोटो पाहताक्षणी कळतो.

राहिला वायफायचा मुद्दा. आपला ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालतात आणि भरलेल्या मंगल कार्यालयात शेकडो फोन असतात, हे मला ठाऊक आहे. पण दोन गोष्टी या कारणाला छेद देतात. एक फ्लॅश स्टेजच्या डावीकडे असतो, दुसरा हॉलच्या मागच्या भिंतीपाशी. रेडिओच्या अडथळ्याने जवळचा पेटून लांबचा चुकला, असे कधीतरी दिसायला हवे होते. माझ्याकडे तसे एकदाही घडलेले नाही. चुकतात तेव्हा दोन्ही एकदमच चुकतात. म्हणजे संदेश वाटेत हरवत नाही, तो ट्रिगरमधून निघतच नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हाच दोष मला हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर प्री-वेडिंगचे फोटो काढतानाही दिसला. उघडा नदीकाठ, आजूबाजूला ना हॉल ना राउटर, आणि फ्लॅश जेमतेम दहा पावलांवर. फार जवळच्या फ्लॅशसाठी आपल्या ट्रिगरमध्ये ० ते ३० मीटरचा वेगळा पर्याय दिलेला आहे, तोही लावून पाहिला. फरक पडला नाही.

मग मी लक्ष ट्रिगरच्या पायाकडे वळवले. कॅमेऱ्यावर चढवून कुलपाची खिटी पूर्ण लावल्यावरही तो डावी-उजवीकडे किंचित डुलतो. मोठी लेन्स लावून कॅमेरा उभा धरला की त्याच्याच वजनाने तो एका बाजूला कलतो. फ्लॅश नेमके उभ्या फ्रेमलाच जास्त चुकतात, हे त्यानंतर लक्षात आले. फ्लॅश जोडलेला आहे असे ओळखल्यावर माझ्या कॅमेऱ्याचा पडदा उजळ होतो, म्हणजे कमी प्रकाशातही चौकट नीट दिसावी. ट्रिगर बोटाने हलवला की तो पडदा क्षणभर काळवंडतो आणि परत उजळतो. जोडणी तुटते आणि जुळते आहे, हे कॅमेरा स्वतःच सांगतो आहे. चुकलेल्या फोटोंच्या फाइलीतही ‘फ्लॅश पेटला नाही’ अशीच नोंद आहे.

कॅमेऱ्याचाच हॉटशू सैल असेल, अशी शंका आपले तंत्रज्ञ घेतील. म्हणून माझा जुना साधा ट्रिगर त्याच कॅमेऱ्यावर लावला. तो एकदाही चुकला नाही. आपला ट्रिगर एका व्यवसायबंधूच्या कॅमेऱ्यावर लावला. तिथेही चुकला. टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने फ्लॅशचा प्रकाश आपोआप ठरवण्याची सोय, बंद करून पूर्ण मॅन्युअलवर आणला, तरी चुकला. मॅन्युअलमध्ये फ्लॅश पेटायला हॉटशूचा फक्त मधला मोठा संपर्कबिंदू आणि कडेची धातूची पट्टी एवढेच लागते, बाकीचे छोटे बिंदू टीटीएलच्या बोलाचालीसाठी असतात. म्हणजे गडबड त्या मधल्या बिंदूत किंवा कडेच्या पट्टीच्या जोडणीत आहे.

शेवटची चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या ट्रिगरला २.५ मिलिमीटरचे सिंक सॉकेट आहे आणि माझ्या कॅमेऱ्याला वेगळे सिंक टर्मिनल, म्हणजे फ्लॅशचा संदेश केबलने बाहेर नेण्याची जागा, आहे. ट्रिगर हॉटशूवरून काढला, हातात धरला आणि सिंक केबलने कॅमेऱ्याला जोडला. कॅमेरा, ट्रिगर, सेल, चॅनेल, फ्लॅश, जागा, काहीच बदलले नव्हते. फक्त हॉटशू वाटेतून बाजूला झाला. त्यानंतर उभे, आडवे, भराभर, सावकाश, कसेही फोटो काढले तरी एकही फ्रेम चुकली नाही. केबल काढून तो परत हॉटशूवर चढवला आणि दोष परत आला. याचा सलग, न कापलेला व्हिडिओ सोबत जोडला आहे.

आता आपल्या केंद्राच्या तपासणीबद्दल. दुसऱ्यांदा ट्रिगर द्यायला मी स्वतः गेले होते. काउंटरवरच्या तंत्रज्ञाने तो टेबलावर ठेवला, शेजारी फ्लॅश ठेवला आणि ट्रिगरवरचे टेस्टचे बटण पाच-सहा वेळा दाबले. प्रत्येक वेळी फ्लॅश पेटला. “मॅडम, बघा, चालतोय,” असे म्हणून त्यांनी अर्ज भरून घेतला. कॅमेऱ्यावर लावून शटर दाबून बघा, अशी विनंती मी केली. कॅमेरा जोडून तपासायची पद्धत आमच्याकडे नाही, असे उत्तर मिळाले.

माझी मूळ तक्रार इथेच आहे. टेस्टचे बटण दाबल्यावर संदेश ट्रिगरच्या आत तयार होऊन थेट बाहेर जातो. हॉटशूचा त्यात काही संबंधच येत नाही. दारावरचे बटण बिघडले म्हणून वायरमन बोलवावा आणि त्याने थेट घंटेला करंट देऊन ‘वाजते आहे’ म्हणून निघून जावे, तशी ही तपासणी झाली. या पद्धतीने हॉटशूचा दोष असलेला कोणताही ट्रिगर आपल्याकडे नेहमी ‘ठीक’च ठरणार. असे आणखी किती ग्राहक सेल आणि चॅनेल बदलत बसले असतील, याचा आपण विचार करावा.

या चुकणाऱ्या फ्रेमची किंमत काय असते, तेही सांगते. मिरजेच्या एका लग्नात मी मागचा फ्लॅश फक्त एका फोटोसाठी लावला होता. शेवटचे ‘सावधान’ झाले, अंतरपाट खाली आला आणि सगळ्या मांडवाने अक्षता उधळल्या. मागून प्रकाश असला तर हवेतला एकेक तांदूळ चमकतो आणि त्याखाली दोघे एकमेकांकडे पाहतात. हा क्षण पुन्हा मागता येत नाही. त्या फ्रेमला दोन्ही फ्लॅश पेटले नाहीत. पुढच्या फ्रेमला पेटले, तोवर अक्षता जमिनीवर पडल्या होत्या आणि मधे कुणाचा तरी हात आला होता. काळी आलेली फाइल उजळवून मी फोटो दिला. त्यात चेहरे ओळखू येतात, तांदूळ दिसत नाहीत. मुलीच्या आईने तो अल्बममधून काढायला सांगितला. त्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही, पण त्यांच्या मुलीच्या लग्नातला तो फोटो आता कधीच होणार नाही आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

सध्या मी ट्रिगरवरून जाड रबरबँड ताणून, तो खाली दाबून काम भागवते आहे. कधी केबल वापरते, पण मांडवातल्या गर्दीत ती कुणाच्या ना कुणाच्या हातात अडकते. वायरलेस यंत्रणेसाठी पैसे मोजून वायरने काम करावे लागणे योग्य नाही.

केंद्राने तोंडी आणखी एक कारण दिले : आपण व्यवसायासाठी वापरता, म्हणून ग्राहक म्हणून हक्क सांगता येणार नाही. हे बरोबर नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मधील स्पष्टीकरणानुसार, केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनात मोडत नाही. माझ्याकडे नोकर नाहीत, कंपनी नाही. कॅमेरा मीच चालवते आणि अल्बमही मीच लावते. कृपया अशी उत्तरे आपल्या कर्मचाऱ्यांनी इतर छोट्या फोटोग्राफरना देऊ नयेत. बऱ्याच जणांना हा कायदा माहीत नसतो आणि ते तेवढ्यावरच परत फिरतात.

माझी मागणी अशी आहे. हा ट्रिगर बदलून नवा द्यावा. दुरुस्तच करायचा असेल तर पायाचा संपूर्ण भाग बदलावा, नुसते संपर्कबिंदू पुसून परत पाठवू नये. परत देण्याआधी तो कॅमेऱ्यावर चढवून, कॅमेरा उभा आणि आडवा धरून, शटर दाबून तपासावा आणि तसे चिठ्ठीवर लिहून द्यावे. कॅमेरा नसल्याची अडचण असेल तर माझा कॅमेरा घेऊन मी केंद्रात यायला तयार आहे. तपासणीची पद्धत सर्वच केंद्रांत बदलावी आणि माहितीपुस्तकातल्या ‘फ्लॅश पेटत नसल्यास’ या पानावर सिंक केबलची चाचणी घालावी. केबलने फ्लॅश पेटतो आणि हॉटशूवरून चुकतो, एवढे कळले तरी ग्राहकाचे हेलपाटे वाचतील.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडल्यास सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार जिथे राहतो तिथे दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे.

आपले फ्लॅश मला पुढेही वापरायचे आहेत. पुढची लग्ने जवळ आली आहेत, म्हणून कृपया लवकर कळवावे.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : खरेदीचे बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, सेवा केंद्राच्या दोन्ही चिठ्ठ्या, चुकलेल्या फोटोंच्या मूळ फाइली, केबल आणि हॉटशू या दोन्ही चाचण्यांचा व्हिडिओ.